योग्य शाळा

पत्र एका पानाचं होतं आणि जर्मनमध्ये होतं. उत्तमला त्यातलं एकच वाक्य लागलं, कारण त्यात मुलीचं, राणीचं, नाव होतं आणि नावाच्या पुढे, दोन शब्द सोडून, रेआलशूले असं लिहिलं होतं. सिंगापूरला, तुआसच्या कारखान्यात, जेवणाची सुट्टी संपायला सात मिनिटं होती. प्रिंटरमधून काढलेला कागद अजून कोमट होता. तो घेऊन उत्तम खिडकीशी उभा राहिला, जणू उजेडात धरल्यावर त्यात आणखी काही उमटणार होतं. ऑगस्टमध्ये तिघांना जर्मनीला जायचं होतं, स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात, कंपनीच्या मुख्य कारखान्यात. तीन वर्षांसाठी, कदाचित कायमचं. बाकी सगळं ठरलं होतं. घर ठरलं होतं, सामानाची बोट ठरली होती. राणीची शाळा तेवढी राहिली होती. तिकडे म्हणे चौथीनंतर मुलं तीन प्रकारच्या शाळांत वाटतात. एक गिम्नाझियुम, ज्यातून पुढे विद्यापीठात जाता येतं. (बायकोने, अंजलीने, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसून विचारलं होतं, "व्यायामशाळेत घालायचंय का पोरीला?") दुसरी ही रेआलशूले, मधली, जिथून बहुतेक मुलं सोळाव्या वर्षी कामधंदा शिकायला जातात. तिसरीची माहिती उत्तमने वाचलीच नव्हती. राणी अकरा वर्षांची होती, हौगांगच्या शाळेत पाचवीत, विज्ञानात वर्गात दुसरी. फॉर्मवर त्याने गिम्नाझियुमपुढे स्वतःच्या हाताने खूण केली होती, पेन दाबून. उत्तर आलं होतं ते असं. त्याने डिक्शनरीत उरलेला शब्द शोधला. अर्थ होता 'योग्य'. राणीसाठी रेआलशूले योग्य आहे.

हा शब्द त्याला आधी एकदा भेटला होता. खामगावच्या शाळेत, सातवीचा निकाल लागल्यावर, हेडमास्तरांच्या खोलीत. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे; त्या दिवशी त्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि कॉलरच्या आतल्या बाजूला कापसाचा एक पांढरा पुंजका तसाच राहिला होता. उत्तम सगळा वेळ त्या पुंजक्याकडे बघत होता. "ह्याच्या हातात कसब आहे, तायडे," हेडमास्तर म्हणाले होते, "ह्याला ड तुकडीत टाकू. तिथे सुतारकाम आहे, वेल्डिंग आहे. ह्याच्यासाठी तेच योग्य." वडील म्हणाले, "जी." हेडमास्तरांच्या आवाजात तिरस्कार नव्हता, हे उत्तम अजून विसरला नव्हता. तिरस्कार असता तर बरं झालं असतं, त्याला कुठे तोंड द्यायचं ते कळलं असतं. पण तो आवाज मायेचा होता, आजारी माणसाशी बोलतात तसा. त्या वर्षी त्यांच्या वस्तीतली अकरा पोरं सातवी पास झाली आणि अकराच्या अकरा पोरांच्या हातात कसब निघालं. मग आई, शांताबाई, शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसली. भाकरी बांधून नेली होती. शिपाई उठवायला आला तर म्हणाली, "माह्या पोराले अ तुकडीत बसवा, मंग उठतो मी." तिसऱ्या दिवशी नाव हललं. वस्तीतल्या दहा पोरांची नावं मात्र तिथेच राहिली, कारण त्यांच्या आयांना मजुरी बुडवता येत नव्हती. तेव्हापासून कुणी मायेने बोलायला लागलं की उत्तमच्या मानेवरचे केस उभे राहत. कारखान्यात तो व्हॉल्व्ह तपासायचा. कामगार म्हणायचे, तायड्यांना देव भेटला तर त्यालाही आधी गेज लावतील. हे त्याला आवडायचं.

आता त्याने स्वतःला तपासायला सुरुवात केली. फॉर्म चार पानांचा होता, जर्मनमध्ये, आणि ती एक खूण सोडली तर तो त्याने भरलाच नव्हता. तो भरला होता मुकुलने. मुकुल बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आधी चार वर्षं फ्रँकफर्टला, जर्मन फाडफाड बोलणारा. सहा वर्षांपूर्वी, सिंगापूरला आल्या-आल्या, मराठी मंडळाच्या एका जेवणात ओळख झाली. "तायडे? म्हणजे बुलढाण्याकडचे का?" मुकुलने विचारलं होतं आणि त्यानंतर जरासा थांबला होता. पाव सेकंद. त्याच्या तोंडात घास होता हेही उत्तमला आठवत होतं. घास गिळायलाही पाव सेकंद लागतो. पण त्याने ते पाव सेकंद सहा वर्षं जपून ठेवलं होतं, फेकून द्यायला हात होत नव्हता. दुसऱ्या भेटीत मुकुल त्याला अरे-तुरे करायला लागला. उत्तम अजून त्याला 'तुम्ही' म्हणायचा. फॉर्मच्या चौथ्या पानावर मुलीविषयी आणि कुटुंबाविषयी लिहायचं होतं. "ते मी लिहितो रे," मुकुल म्हणाला होता, "त्यांना काय वाचायला आवडतं ते मला ठाऊक आहे." आणि उत्तमने खाली सही केली होती. जो माणूस न मोजता एका नटवर सही करत नव्हता, त्याने एक अख्खं पान न वाचता सही करून दिलं होतं, कारण मुकुलने प्रेमाने कॉफी पुढे केली होती.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये, मग बून ले स्टेशनपासून एमआरटीच्या मेट्रोत, मग गाडी बदलून हौगांगपर्यंत, दीड तास तो त्या पानावर काय लिहिलं असेल ते रचत होता. कधी ते पान अगदी साधं निघे, कधी त्यात एकच वाक्य असे आणि ते वाक्य हेडमास्तरांच्या आवाजात असे. घरी अंजली भाजी निवडत होती. तिने पत्र हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, परत दिलं.

"अहो, असेल चांगली शाळा. आणि पोरीला भाषा तरी येते का अजून? आल्या-आल्या डोंगर कशाला चढायला लावायचा?"

"हे तुला कुणी सांगितलं?"

"काय कुणी सांगितलं?"

"डोंगराचं."

अंजलीने हातातली शेंग मोडली. "मला स्वतःहून काही सुचत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

तिला तिकडे जायचंच नाहीये, हा विचार त्याच्या मनात एकदा आला तो आला. इथे तिला पाळणाघरातली नोकरी होती, खालच्या मार्केटातली मासेवाली तिला नावाने हाक मारायची. राणी तिच्या खोलीत होती. मागच्या महिन्यात दुपारी तिकडच्या शाळेतून फ्राउ लेन्स नावाच्या बाईंचा फोन आला होता आणि राणी त्यांच्याशी अर्धा तास एकटीच इंग्रजीत बोलली होती. त्याने दारातून विचारलं, "त्या बाई तुला काय म्हणाल्या होत्या ग?" राणी वहीतून मान न काढता सिंगापुरी ढंगात म्हणाली, "नथिंग मच लाह, पप्पा." त्याने तो धागा तिथेच सोडला. त्याच्या मनात संशयाला जागा ठरलेली होती आणि त्या जागेवर मुकुल बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने फॉर्मची प्रत ब्रांटसमोर ठेवली. ब्रांट टूलरूमचा जर्मन प्रमुख, साठीला आलेला, चाळीस माणसं त्याच्या हाताखाली. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि चौथं पान बोट फिरवत इंग्रजीत सांगितलं. मुलगी शांत आहे, चौकस आहे, आकड्यांत हुशार आहे. मग एक परिच्छेद. मुलीचे आजोबा कापसाच्या कारखान्यात ओझी वाहत. त्यांना सही करता येत नसे. मुलीचे वडील त्यांच्या घराण्यातले पहिले शिकलेले. दोन पिढ्यांत या कुटुंबाने केलेला प्रवास कौतुकास्पद आहे. "शोन," ब्रांट म्हणाला, "सुंदर लिहिलंय. तुझ्या मित्राचं तुझ्यावर प्रेम आहे." मग पत्र वाचून म्हणाला, "रेआलशूले? मी पण तिथलाच. बघ, काय वाईट झालं माझं?" उत्तम हसला. ब्रांटचं काहीच वाईट झालं नव्हतं. त्याचे आजोबा तिथलेच, वडील तिथलेच, त्याने निवडलं आणि तो गेला. पण सगळीच माणसं एकाच शाळेची तारीफ का करतायत? आणि त्याहून मोठी गोष्ट: जिनिंगचं आणि सहीचं त्याने मुकुलला कधीच सांगितलं नव्हतं. सिंगापुरात कुणालाच सांगितलं नव्हतं. लाज म्हणून नव्हे. त्याच्या बापाचं ओझं हे त्याचं स्वतःचं होतं आणि ते कुणाच्या हातात द्यावं असा माणूस अजून भेटला नव्हता. आता ते एका परक्या गावच्या कचेरीत फाइलला लागलं होतं, वर कौतुकाची टाचणी मारून. कुणी बाई ते वाचत असेल, तिला गहिवरून येत असेल, आणि त्याच गहिवराने तिने पोरीला मधल्या शाळेत बसवलं असेल. हमालाची नात, हिला फार ताण नको. योग्य.

रविवारी पुलाउ उबीनला जायचं आधीच ठरलं होतं. मुकुल आणि त्याची बायको नीलिमा दर महिन्याला तिथे सायकली चालवायला जात. उत्तमने बेत मोडला नाही. बेटावर उतरून त्यांनी भाड्याच्या सायकली घेतल्या. अर्ध्या वाटेवर, पत्र्याच्या छपराच्या एका जुन्या लाकडी घरापुढे एक म्हातारी शहाळी विकत होती. बायका आणि राणी खाणीतलं तळं बघायला पुढे गेल्या. दोघे बाकावर बसले. मुकुलचा टी-शर्ट घामाने अंगाला चिकटला होता आणि तो अगदी निर्धास्त दिसत होता, हेही उत्तमला खटकलं.

"मुकुलराव, शेवटच्या पानावर तुम्ही माझ्या वडिलांबद्दल लिहिलंत."

"हो. का रे, चुकलं काही?"

"मी तुम्हाला हे सांगितलं नव्हतं."

"नीलिमा बोलली होती. तिला अंजलीने कधीतरी सांगितलं. अरे, केवढी मोठी गोष्ट आहे ती! मला वाटलं, त्यांनी वाचलं तर त्यांना कळेल की तुम्ही लोक किती—" मुकुल थांबला. "की तू किती कष्टाने वर आलायस."

"आणि त्यांनी तिला मधल्या शाळेत टाकलं."

मुकुलने शहाळं बाकावर ठेवलं. पत्र अजून त्याला दाखवलंच नव्हतं. उत्तमने खिशातून काढून दिलं. त्याने ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा फार हळू, आणि त्याचा चेहरा उत्तमने कधी पाहिला नव्हता तसा झाला, खालून आधार काढून घेतल्यासारखा.

"त्या पानामुळे नाही हे," तो म्हणाला. "नसावं. उत्तम, तुला एक सांगतो. हे इथे कुणालाच माहीत नाही. आम्ही फ्रँकफर्ट का सोडलं, ठाऊक आहे?"

"बँकेने बदली केली."

"मी मागून घेतली. आमच्या विक्रांतला चौथीनंतर त्यांनी अगदी खालच्या शाळेत घातलं. तिसऱ्या. दहा वर्षांचा होता. वर्गशिक्षिका किती गोड बोलली. नीलिमा तीन दिवस पलंगावरून उठली नाही. मी वकिलाकडे गेलो, वरच्या ऑफिसात गेलो, भांडलो. काही उपयोग झाला नाही. मग एक दिवस विक्रांत म्हणाला, बाबा, मी ढ आहे तर आहे, तुम्ही का रडता? तेव्हा बदली मागितली." त्याने डोळे पुसले, की घाम पुसला. "आणि लाज कसली वाटली सांगू? आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं रे. माझे आजोबा वकील होते. आमच्या घरात..."

वाक्य तिथेच राहिलं. म्हातारीने कोयत्याने एक शहाळं तासलं, त्याचा तुकडा दोघांच्या मध्ये येऊन पडला. उत्तमला वाटलं, सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता हातात आलं. पाव सेकंद नव्हे, चांगले पाच शब्द. आमच्या घरात असं होत नाही. मग ते कुणाच्या घरात होतं? होण्याचं घर कुठलं? आणि तरी समोर बसलेला माणूस खोटं बोलत नव्हता. पलंगावरून न उठलेली नीलिमा खोटी नव्हती. त्याच्या संशयाला असा माणूस हवा होता जो पूर्ण वाईट आहे, आणि तो मिळत नव्हता. मिळत होता हा, घामेजलेला, रडवेला, स्वतःच्या वाक्यात अडकलेला.

"आणि आमच्या घरात?" उत्तमने विचारलं. आवाज चढवला नाही.

मुकुलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने शहाळ्यातली नळी उपसून परत आत खोचली. "ते पान मी तुला न विचारता लिहायला नको होतं," तो शेवटी म्हणाला. "माफ कर म्हणत नाही. चुकलं एवढं कळतं."

उत्तमने मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, त्याचं त्यालाही ठरवता आलं नाही. एवढं मात्र कळलं की आरोप जिथे ठेवायचा होता ती जागा आता भुसभुशीत झाली होती.

परतताना धक्क्यावर थांबावं लागलं. बारा माणसं भरल्याशिवाय बोट सुटत नाही आणि हे पाच जण धरून आठच होते. अंजली, नीलिमा, मुकुल सावलीला बसले. राणी धक्क्याच्या कडेला पाय सोडून बसली होती, गुडघ्याला चिखल लागलेला. उत्तम तिच्या शेजारी बसला. या वेळी त्याने दारातून विचारलं नाही.

"राणी, त्या बाईंनी तुला काय-काय विचारलं? सगळं सांग. मी रागावणार नाही."

"तुम्ही ऑलरेडी रागावलाय."

"तुझ्यावर नाही."

तिने खांदे उडवले. "फेवरिट सब्जेक्ट. फ्रेंड्स. मग विचारलं, वर्गात काही समजलं नाही तर तू काय करतेस?"

"मग?"

"मी म्हटलं, आय कीप क्वाएट."

"का?"

राणीने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न म्हणजे काहीतरी डाव असावा. "तुम्हीच सांगितलंय ना, पप्पा. समजलं नाही असं टीचरला कधी दाखवायचं नाही. घरी येऊन विचारायचं. ते लोक लक्षात ठेवतात, मग खाली टाकतात."

"हे तू त्यांना सांगितलंस?"

"हो. शी आस्क्ड, सो."

"काय म्हणाल्या त्या?"

"आधी काहीच नाही. मग म्हणाली, दॅट मस्ट बी व्हेरी टायरिंग." राणीने पायाच्या अंगठ्याने पाणी उडवलं. "मी म्हटलं, येस."

दोन चिनी बायका पिशव्या घेऊन धक्क्यावर आल्या. दहा झाले. उत्तमला तो दिवस आठवला, राणी पहिलीत गेली त्या आठवड्यातला. तिच्या वेण्या घालताना त्याने हे सांगितलं होतं, हळू आवाजात, शेजारच्या फ्लॅटलाही ऐकू जाऊ नये असं. फार मायेने सांगितलं होतं. आपल्या आईने व्हरांड्यात बसून जे मिळवलं ते पोरीला आयतं देतोय असं त्याला वाटलं होतं. पण आई तर बोलली होती. शिपायाच्या तोंडावर, सगळ्या शाळेसमोर बोलली होती. गप्प राहायला त्याला कुणी शिकवलं? आठवून पाहिलं तर एकच शब्द ऐकू आला, धुतलेल्या सदऱ्यातल्या माणसाचा. जी. पाच वर्षं ही पोर वर्गात तोंड मिटून बसत होती, न कळलेलं सगळं दप्तरात भरून घरी आणत होती, आणि तो ते रात्रीच्या जेवणाआधी सोडवून देऊन स्वतःवर खूष होत होता. दहा हजार किलोमीटरवरच्या एका बाईला ते अर्ध्या तासात दिसलं. की तिला फक्त हमाल आजोबा दिसले? दोन्ही? त्याला कळेना, आणि पहिल्यांदाच कळत नाही याचा राग येण्याऐवजी थकवा आला.

मंगळवारी त्याने अर्धी रजा टाकली. दुपारी साडेतीनला तिकडे सकाळचे साडेनऊ वाजतात. अंजली पाळणाघरात होती. राणी शाळेतून आली होती, गणवेशातच, डायनिंग टेबलाशी त्याच्या शेजारी बसली. त्याने कागदावर तीन प्रश्न लिहून ठेवले होते, तिन्ही आरोपासारखे, वकिलाला दाखवता येतील असे. त्याने फोन लावला. फ्राउ लेन्सचा आवाज त्याने कल्पना केली होती त्यापेक्षा तरुण होता आणि थोडा बसका, सर्दी झाल्यासारखा. आणि तो मायेचा होता. उत्तमच्या मानेवरचे केस उभे राहिले. त्याने कागदाकडे पाहिलं आणि त्यातला एकही प्रश्न विचारला नाही. इंग्रजीत म्हणाला, "तुमचं पत्र मला समजलं नाही. समजावून सांगाल का?"

हे वाक्य तो बोलला तेव्हा राणीची मान वळली, ते त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

बाई बोलत होत्या. ही शिफारस आहे, निकाल नाही. मुलगी हुशार आहे यात शंका नाही. पण ती विचारत नाही, आणि आमच्या गिम्नाझियुममध्ये न विचारणारं मूल पहिल्या वर्षी हरवतं. म्हणून रेआलशूलेतला लहान वर्ग सुचवला. "लहान म्हणजे सोपा?" त्याने विचारलं. नाही, कमी मुलांचा. "मला अजून समजलं नाही." त्यांनी परत सांगितलं. सप्टेंबरमध्ये दोन आठवडे तिला दोन्ही शाळांत बसवता येईल, मग ठरवू. कोण ठरवेल? तुम्ही, आम्ही आणि ती. "कुठल्या क्रमाने?" उत्तमने विचारलं. तिकडे त्या हसल्या आणि म्हणाल्या की आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. मग त्याने ते विचारलं जे कागदावर नव्हतं. चौथं पान. माझे वडील. त्याचा काही संबंध होता का?

"मी ते वाचलं होतं," फ्राउ लेन्स म्हणाल्या. "नव्हतं वाचलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. त्याचा परिणाम झाला नाही असं मला वाटतं. पण ते मला नक्की कसं कळणार?"

त्याचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. पण या उत्तरावर बसला. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे त्याला नवीन होतं. ते पान फाइलमधून काढून टाका, त्याने सांगितलं. आमच्याबद्दल आम्हीच लिहून पाठवू. त्या म्हणाल्या, आजच काढते. दोन आठवड्यांना तो हो म्हणाला.

फोन ठेवायच्या बेतात असताना राणीने त्याच्या शर्टाची बाही ओढली. "पप्पा, मला पण विचारायचंय. आय हॅव क्वेश्चन्स."

"काय विचारायचंय? मला सांग, मी विचारतो."

तिने मान हलवली आणि हात पुढे केला.

त्याने रिसीव्हर दिला. त्याला तिथेच बसून राहायचं होतं, तिचा प्रत्येक शब्द मोजून घ्यायचा होता, चुकली तर खूण करायची होती. ती वाट बघत होती. तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि मधलं दार त्याने स्वतः ओढून घेतलं. ओट्याला टेकून उभा राहिला. खालच्या बाजूला कुणीतरी बांबूच्या काठ्यांवर कपडे वाळत घालत होतं. दाराआडून राणीचा आवाज येत होता, आधी चाचरत, मग जरा मोकळा. शब्द कळत नव्हते. पण प्रत्येक वाक्य शेवटाला वर जात होतं, आणि मग ती थांबून ऐकत होती, आणि परत पुढचं वाक्य वर जात होतं.